मानवी रक्त आहे किंवा कसे

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दगडू सोळुंक्यांच्या बायकोने ओसरीचं दार उघडलं आणि ती किंचाळली. ओसरीच्या पांढऱ्या भिंतीवर लाल थेंब होते. काही वाळले होते, काही अजून ओघळत होते. लग्नाच्या पाहुण्यांसाठी धुऊन तिथल्याच दोरीवर टाकलेल्या दोन चादरींवरही तसेच थेंब होते. मार्च १९९६, गुरुवार. घरातली मुलगी सुमित्रा, तिचं लग्न दहा दिवसांवर आलं होतं.

मी पोहोचलो तेव्हा दहा वाजले होते. मी तेव्हा जिल्ह्यातल्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. उमरगव्हाण तालुक्याच्या गावापासून चौदा किलोमीटर. ठाण्याचे जमादार गुट्टे मोटारसायकलने निघाले होते, त्यांच्यामागे बसून गेलो. ओसरीसमोर शंभरेक माणसं उभी होती आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. मी भिंतीजवळ जाऊन थेंब मोजायला लागलो.

"मोजून काय करताव, साहेब?" दगडू म्हणाला. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. "एक आसला काय न् शंभर आसले काय. भानामती हाय ही."

"रात्री कोणी आलं होतं?"

"कुनी न्हाई. कुत्रं बी भुंकलं न्हाई."

"कोंबडं, बकरं कापलं होतं?"

"लग्नघर हाय. देवक बसायचं हाय. हितं कोन कापंल?"

त्याचा मेव्हणा भागवत शेजारीच होता. "भाऊजी, नाव घ्या की. सायबाला सांगा. का मी सांगू?"

"तू गप."

"मी गप बसतो. पोराकडचे गप बसत्याल का? त्यास्नी कळलं तर सोयरीक मोडंल."

दगडू जमादारांकडे बघत बोलला. शनिवारी भिंतीला चुना दिला होता. तो सोजरबाईने दिला. गावातल्या निम्म्या घरांना तीच चुना द्यायची. त्याच दिवशी अंगणात बायका लग्नाची हळद कांडत होत्या आणि तिथं तिची नि दगडूच्या बायकोची बोलाचाली झाली. पाचव्या दिवशी तिच्याच हातच्या भिंतीला रक्त फुटलं.

"मंगळवारी जाणत्याला बोलवलंय," भागवत म्हणाला. "त्यो नाव काढंल."

"नाव काढायचं काम माझं आहे," गुट्टे म्हणाले. "चादर द्या इकडं. मी डॉक्टरकडे पाठवतो. तोवर कोणी कोणाच्या दारात जायचं नाही."

त्यांनी तिथंच मांडीवर कागद ठेवून ग्रामीण रुग्णालयाला पत्र लिहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "सदर चादरीवरील डाग मानवी रक्ताचे आहेत किंवा कसे, याबाबत अभिप्राय मिळावा." मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

सोजरबाईचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. ती दारात बसून कुंचा सोडवत होती. त्याच्या काड्यांत चुना वाळून बसला होता, तो दगडावर आपटून काढत होती. हाताची बोटं चुन्याने फुटून भेगाळली होती.

"तुमी बी इच्यारायलाच आलाव?" ती म्हणाली. "बसा. सकाळधरनं सातवे तुमी."

"शनिवारी काय झालं?"

"काय व्हनार? चुना देऊन झाला, हात धुतले, बायका हळद कांडूलालत्या. मी मुसळ धरलं. इसरले. मालक जाऊन धा वर्सं झाली, पन हात इसरतो. दगडूची बायको म्हनली, ठिव ते खाली. ठिवलं. मग म्हनले, माझ्या हातचा चुना चालतो, हळद चालत न्हाई व्हय?"

"एवढंच?"

"एवढंच. बायका हसल्या. लई हसल्या. दगडूची बायको तेवढी हसली न्हाई."

"चुन्यात काय घातलं होतं?"

"डिंक. नीळ. समदे घालत्यात तेच."

"भिंतीवर आधी काही होतं?"

"अळ्या व्हत्या. काटेरी. मागं त्यायच्या करडईचं रान हाय. करडई काढली तशा समद्या घरावर चढल्या. भिंतीवरच्या झाडून काढल्या. पत्र्याखाली लटकून बसल्या त्या ऱ्हाऊ दिल्या. तिथवर कुंचा पोचत न्हाई." तिने कुंचा खाली ठेवला. "पेपरात लिवनार का, दादा?"

"लिहीन."

"काय लिवनार?"

"जे कळेल ते."

"मी न्हाई केलं, आसं लिवा."

"ते मला माहीत नाही, बाई. ते लाल काय आहे हे कळलं की लिहीन."

"मग लौकर कळू द्या. जाणता आला की माझंच नाव निघनार. नाव निघालं की काय करत्यात, ठावं हाय ना?" तिने ओठ मागे ओढून दात दाखवले. "हे पाडत्यात. दात नसले की मंतर बोबडा व्हतो म्हनं. मला मंतर येत न्हाई. दात मातर समदे हायत आजून."

हे सांगताना ती हसली. मग पुन्हा कुंचा आपटायला लागली.

मी परत सोळुंक्यांच्या ओसरीत गेलो. बाजेवर उभं राहून पत्र्याच्या खालची बाजू पाहिली. कडेने आणि वाशांना कागदासारखे पातळ, रिकामे कोष लोंबत होते. वीस मोजले, पुढे अंधार होता. दोन कोष काढून कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत ठेवले. डागाखालचा चुना चाकूने खरवडून दुसऱ्या डबीत घेतला. भागवत खाली उभा राहून बघत होता.

"करनीचा माल नेताव, साहेब. घरात ठिवू नका," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी तीन वाजता मी तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या काझी मॅडमकडे गेलो. प्रात्यक्षिकाचा तास संपला होता. त्यांनी कोष चिमट्यात धरून उजेडाकडे नेला.

"कुठे मिळाले? करडई जवळ आहे का?"

"घराच्या मागेच. गेल्या आठवड्यात काढली."

"मग झालं. नारिंगी-काळं फुलपाखरू असतं, त्याची अळी करडईवर पोसते. पीक निघालं की चढता येईल त्यावर चढते आणि कोष करते." त्यांनी दुसरी डबी उघडून वास घेतला. "आणि हे त्याचं मूत."

"मॅडम, लाल आहे."

"लालच असतं. बसा, दाखवते. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना हे प्रात्यक्षिकच आहे."

त्यांनी चिनीमातीच्या बशीत चिमूटभर चुना टाकला, त्यावर नायट्रिक आम्लाचे थेंब सोडले. चुना फसफसला. मग बशी स्पिरिटच्या दिव्यावर धरली आणि काम करता करता, वर्गात बोलतात तशा सावकाश बोलत राहिल्या.

"मांस, डाळ, पाला, काहीही खाल्लं की शरीरात नत्राचा कचरा उरतो. तो विषारी असतो, बाहेर टाकावाच लागतो. आपण तो पाण्यात विरघळवून टाकतो. किड्याकडे एवढं पाणी कुठलं? त्याच्या पोटात केसासारख्या नळ्या असतात. त्या हा कचरा गोळा करतात, त्याचं यूरिक आम्ल होतं आणि पाणी शरीरात परत शोषलं जातं. म्हणून किड्याची घाण जवळजवळ कोरडी. पण कोषात असताना काय करायचं? बाहेर टाकायला वाटच नाही. आठ-दहा दिवस अळीचं फुलपाखरू होत असतं, अख्खं शरीर मोडून नवं बांधलं जातं, तेवढ्या दिवसांचा कचरा आतच साठतो. पहाटे कोष फुटतो, पंख ताठ होतात आणि मग ते साठलेलं सगळं एकदम टाकतं. पंखांसाठी जो रंग तयार होतो त्यातला उरलेला यात येतो. म्हणून लाल."

"रक्तासारखा."

"रक्तासारखा. रक्त नाही."

बशीतलं पाणी आटलं होतं. तळाला पिवळट-तांबूस कडा उरली. त्यांनी काडीने अमोनियाचा एक थेंब सोडला. कडा जांभळी झाली.

"हे यूरिक आम्ल," त्या म्हणाल्या. "रक्ताचा डाग असा जांभळा होत नाही. लिहाल ना?"

"लेखी द्याल?"

"कॉलेजच्या कागदावर द्यायचं तर प्राचार्यांची सही लागते. ते नांदेडला गेलेत. उद्या अकराला येतील."

"माझी बातमी पाचला जाते."

"मग तुम्ही तुमच्या शब्दांत लिहा. एका प्राध्यापिकेने सांगितलं म्हणून."

"नाव नसलेलं मी लिहीत नाही, मॅडम."

हा माझा नियम होता. दोन वर्षांपूर्वी एका विहिरीच्या पाण्याबद्दल तोंडी माहितीवर बातमी दिली होती. ती खोटी ठरली आणि दैनिकाला पहिल्या पानावर खुलासा छापावा लागला. त्यानंतर सही-शिक्क्याचा कागद हातात आल्याशिवाय मी ओळ लिहीत नव्हतो. संपादकांनी त्याबद्दल एकदा सगळ्या वार्ताहरांसमोर कौतुकाने माझं नाव घेतलं होतं.

काझी मॅडमनी बशी नळाखाली धरली. "त्या बाईवर आळ आहे म्हणालात. तिचं काय?"

"जाणता मंगळवारी येणार आहे. तोवर वेळ आहे."

साडेचारला रुग्णालयात गेलो. डॉक्टर माने तरुण होते, नवीन रुजू झालेले. अभिप्राय तयार होता. पोलिसांच्या पत्राखालीच त्यांनी एक ओळ लिहून सही-शिक्का केला होता: "डाग मानवी रक्ताचे नाहीत."

"एवढंच?" मी विचारलं.

"एकही रक्तपेशी दिसली नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलंय. मग काय आहे ते मला कोणी विचारलं नाही, आणि मला सांगताही येणार नाही."

पाचला दहा कमी असताना एसटी स्टँडसमोरच्या बूथमधून कार्यालयाला फोन लावला. उपसंपादक बोरीकर लाइनवर आले.

"सहा ओळी आहेत तुझ्याकडे. जाहिरात आलीये. बोल."

मी सांगितलं, ते लिहीत गेले. मग म्हणाले, "हां. रक्त नाही. मग काय आहे?"

"इथल्या प्राध्यापिका म्हणतात, फुलपाखराचं मूत्र."

बोरीकर इतके हसले की मागच्या टेबलावरून कोणीतरी काय झालं म्हणून विचारलेलं मला फोनवर ऐकू आलं. "फुलपाखरू मुतलं, गाव घाबरलं! अरे, हे मथळ्यात घेऊ का? उद्या अख्खा जिल्हा हसेल."

"लेखी नाही माझ्याकडे. उद्या अकराला मिळेल."

"मग उद्या घेऊ. आज काय घालू?"

"लेखी आहे ते."

"पक्कं?"

"पक्कं."

शनिवारच्या अंकात तिसऱ्या पानावर ती बातमी आली. ती अशी होती: "उमरगव्हाण येथील दगडू सोळुंके यांच्या घराच्या भिंतीवर व चादरींवर गुरुवारी पहाटे आढळलेले लाल डाग मानवी रक्ताचे नाहीत, असा अभिप्राय ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दिला आहे. पोलिसांनी चादर तपासणीसाठी पाठवली होती. ग्रामस्थांनी शांतता राखावी, असे आवाहन पोलिसांनी केले आहे." त्यात एकही चूक नव्हती. मी ती सकाळी दोनदा वाचली.

सव्वादहाला स्टँडवर चहा पीत होतो. गुट्ट्यांची मोटारसायकल समोर येऊन थांबली. त्यांनी इंजिन बंद केलं नाही.

"बसा," ते म्हणाले.

"काय झालं?"

"बसा म्हणतो ना."

आम्ही पोहोचायच्या आधीच सोजरबाईला कोणाच्या तरी जीपमधून तालुक्याला नेलं होतं. तिच्या घराची कडी तुटली होती. दारातल्या दगडावर रक्त होतं. शेजारच्या म्हातारीने सांगितलं की नऊच्या सुमाराला वीस-पंचवीस जण आले. दोघांनी हात धरले, एकाने डोकं धरलं. "वरवंट्यानं," ती म्हणाली, आणि पुढचं तिने सांगितलं नाही. वरवंटा सोजरबाईचाच होता. तो तिथंच पडला होता.

गुट्टे वस्तू ताब्यात घेऊन पंचनामा लिहायला बसले. मी सोळुंक्यांच्या घराकडे गेलो. दगडू ओसरीच्या पायरीवर बसला होता. त्याच्या धोतराला डाग नव्हता. तो स्वतः गेला नव्हता, असं त्याने नंतर कोर्टातही सांगितलं. भागवत घरात नव्हता.

"जाणता तर मंगळवारी येणार होता," मी म्हणालो.

"त्याची काय गरज ऱ्हायली?" दगडूने शेजारी ठेवलेला पेपर उचलला. तिसरं पान वर येईल असा तो दुमडलेला होता. "सकाळी हाटेलात मास्तरानं वाचून दाखवला. दोनदा वाचला. समद्यांनी ऐकलं."

"मग? रक्त नाही असंच तर लिहिलंय."

"आसं कुठं लिवलंय?" त्याने बोट ओळीवर ठेवलं. त्याला वाचता येत होतं, हळू. "मानवी. रक्ताचे. न्हाईत. मानसाचं रगत न्हाई. सरकारी डाक्टर म्हनतो, पेपर म्हनतो. कोंबडं कापलं न्हाई, बकरं कापलं न्हाई. मानसाचं बी न्हाई. मग कुनाचं, साहेब? तुमीच सांगा. कालपत्तूर आमाला निस्ता संशय व्हता."

मी पत्र्याकडे बोट केलं.

"ते रक्तच नाही, दगडूराव. तुमच्या करडईवरच्या अळ्या पत्र्याखाली कोषात गेल्या. त्यांची फुलपाखरं झाली. ते फुलपाखरांचं मूत आहे."

त्याने मान वर करून पत्र्याकडे पाहिलं. कोष तिथंच होते. मग तो माझ्याकडे वळला.

"हे तुमाला कवा कळलं?"

"काल. दुपारी."

"बातमी कवा दिली?"

"पाचला."

"मग लिवायचं व्हतं की," तो म्हणाला. "हसलो आसतो आमी."

अकरा वाजून वीस मिनिटांनी काझी मॅडमचं पत्र टाइप होऊन, प्राचार्यांच्या सहीनिशी तयार झालं. त्यावर जावक क्रमांक होता. शिपायाने ते माझ्या घरी आणून दिलं. रविवारच्या अंकात ते पाचव्या पानावर, दोन कॉलमांत आलं. बोरीकरांनी मथळा साधा ठेवला.

रविवारी दुपारी तो अंक घेऊन मी रुग्णालयात गेलो. सोजरबाई बायकांच्या वॉर्डात कडेच्या खाटेवर होती. नाकाखालचा सगळा चेहरा सुजून एक झाला होता आणि त्यावर ओलं फडकं होतं. तिने मला ओळखलं. मी स्टुलावर बसलो आणि सगळी बातमी वाचून दाखवली: अळ्या, करडई, कोष, कोषात साठणारा कचरा, बशीतला जांभळा रंग. तिने डोळे मिटले नाहीत. संपल्यावर हाताने खूण केली, पुन्हा. मी पुन्हा वाचली. मग तिने फडकं जरा बाजूला केलं आणि एक शब्द बोलली.

मला तो कळला नाही. मी वाकलो. तिने तोच शब्द पुन्हा म्हटला. एकच शब्द होता, आणि शेवटी आवाज वर गेला, म्हणजे बहुधा प्रश्न असावा. नर्स आली आणि म्हणाली, बोलायला लावू नका त्यांना, टाके आहेत. तो शब्द मी नोंदवू शकलो नाही.

सोमवारी गुट्टे जबाब घ्यायला गेले आणि "जबाब देण्याच्या स्थितीत नाही" असं लिहून आले. मंगळवारी सकाळी सातच्या फेरीला नर्सला खाट रिकामी दिसली. रुग्णालयाची चादर घडी घालून उशाशी ठेवलेली होती. सुमित्राचं लग्न ठरल्या दिवशी, ठरल्या घरी झालं.

भागवतसह पाच जणांवर गुन्हा दाखल झाला. खटला २००१ मध्ये उभा राहिला. डॉक्टर मानेंची साक्ष झाली, गुट्ट्यांची झाली. माझीही झाली. बचावाच्या वकिलाने मला एकच प्रश्न विचारला, अंकातली बातमी मी दिली होती काय. मी हो म्हटलं. त्याने पुढे काही विचारलं नाही. शेजारची म्हातारी तोवर वारली होती. जखमी साक्षीदार म्हणून सोजरबाईच्या नावे तीन समन्स निघाली. तिसरं परत आलं, त्याच्या मागच्या बाजूला हवालदाराचा शेरा आहे: "सदर स्त्री या पत्त्यावर मिळून येत नाही. शेजारी सांगतात की ती बहिणीकडे गेली. बहिणीचे गाव कोणासही सांगता येत नाही."

शेऱ्याखाली ११ नोव्हेंबर २००३ ही तारीख आहे. गेल्या महिन्यात मी अर्ज करून ती फाईल पुन्हा पाहिली. त्यानंतरचा कागद तिच्यात नाही.